बुरुल एजे मोजायला येते

शाळेतली पोरं पाठीमागे तिला ‘किती’ म्हणायची. कोणी म्हटलं, “एजे, आज फार थंडी आहे,” की बुरुल सामाकोव्हा चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, “किती?” कोणी म्हटलं, घोडा वाऱ्यासारखा पळाला, की पुन्हा तेच, “किती?” नारिनकडे जाणाऱ्या रस्त्याकाठच्या त्या गावात ती अठ्ठावीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवत होती. निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे लहानथोर सगळ्यांचीच ती एजे, म्हणजे थोरली बहीण, होऊन बसली होती. अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. हिवाळाभर नवऱ्याचे नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, बूट पायात घालून फिरायची, कारण तिच्या मते ते तिच्या बुटांपेक्षा चार अंशांनी उबदार होते. तिनं मोजलं होतं.

कोर्टकचेरीशी तिचा संबंध आला तो शेजारच्या सादिरमुळे.

ऑक्टोबरातली दुपार होती. त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि ओलांडणारा डावीकडून पुढे जातो. सादिर आपल्या जुन्या झिगुली मोटारीतून चाऱ्याची पोती घेऊन येत होता. मेंढवाड्याच्या कच्च्या वाटेला लागायला तो डावीकडे वळला, आणि त्याच क्षणी मागून कोळशाचा ट्रक त्याला ओलांडून पुढे जायला निघाला होता. झिगुलीचा डावा पुढचा कोपरा चेपला, ट्रक नाल्यात आडवा झाला, कोळसा रस्ताभर सांडला. सादिरला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलात नेलं आणि इकडे निम्मं गाव पोती घेऊन कोळसा गोळा करायला आलं. रस्त्यावर खुणा म्हणून जे काही होतं, ते त्या बुटांखाली गेलं. इन्स्पेक्टर आला तेव्हा बोलण्याच्या स्थितीत एकटा ट्रकवालाच होता. तो जे बोलला ते कागदावर उतरलं.

दोन महिन्यांनी सादिरची बायको कालबुबू एक लखोटा घेऊन बुरुलच्या दारात उभी राहिली.

“एजे, यात काय लिहिलंय तेवढं सांगा. आमची नावं मला कळली. बाकीचा सगळा कायदा आहे.”

बुरुलनं कागद दोनदा वाचला. “ट्रकच्या मालकानं दावा लावलाय. सादिरनं वळताना दिवा दाखवला नाही, म्हणून हलगर्जीपणा त्याचा, म्हणून ट्रकची दुरुस्ती त्यानं करून द्यायची.”

“दाखवला असेल की त्यानं.”

“असेल?”

“आता मी काय गाडीत होते का, एजे? तो दाखवतो नेहमी. मेंढवाड्याच्या वाटेवर चिटपाखरू नसतं, तरी दाखवतो. आम्ही हसतो त्याला.”

बुरुल हॉस्पिटलात गेली. सादिर खुब्याला सळ्या घालून पडला होता.

“दिवा लावला होतास का?” तिनं विचारलं.

सादिरनं छताकडे पाहिलं. “खरं सांगू, एजे? आठवत नाही. पोती आठवतात. मग एकदम हे छत आठवतं.”

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. बायकोनंही त्याला तेच पढवून ठेवलं असणार. पण हा माणूस मोडक्या कंबरेनं ‘आठवत नाही’ म्हणाला, आणि बुरुलनं तिथेच मनाशी ठरवलं की याच्यासाठी चार पायऱ्या झिजवायला हरकत नाही.

तालुक्याच्या वकिलानं बुरुल आणि कालबुबू दोघींना बसायला खुर्ची दिली, आशा मात्र दिली नाही. “कोर्टात साधा हिशेब असतो,” तो म्हणाला. “ज्यानं जे म्हटलं, ते त्यानं शाबीत करायचं. त्यांच्याकडे इन्स्पेक्टरचा कागद आहे. तुमच्याकडे काय आहे?”

“गाडी आहे,” बुरुल म्हणाली.

“गाडी काय बोलणार?”

ते तिलाही अजून ठाऊक नव्हतं. पण परतताना कालबुबू सहज म्हणाली की तिचा भाऊ आज भंगारवाल्याला बोलावणार होता. मार्श्रुत्का, म्हणजे प्रवासी मिनीबस, फाट्यावर थांबताच बुरुल खाली उतरून पळत सुटली. पन्नाशीची बाई नमद्याच्या बुटात चिखलातून पळताना गावानं पहिल्यांदाच पाहिली. ती अंगणात पोहोचली तेव्हा भंगारवाला झिगुलीला साखळी अडकवत होता.

“हात लावू नका.”

“एजे, लोखंड आहे ते. हाताला गंज लागतो, पाप नाही लागत.”

“त्या लोखंडात एक दिवा आहे. तो मला हवाय.”

“मग घ्या की काढून. हा घ्या पाना.”

“मी तर मुळीच काढणार नाही,” बुरुल धापा टाकत म्हणाली. “मी काढला, तर उद्या ते म्हणतील मास्तरीणबाईनं दुसरा बसवला.”

भंगारवाला साखळी सोडवून गेला. बुरुलनं गाडीवर ताडपत्री घातली, दोर बांधला, आणि कालबुबूला बजावलं की कोंबडीसुद्धा आत जाता कामा नये. मग विजेरी घेऊन ती गुडघ्यावर बसली. डावीकडच्या वळणदिव्याची पिवळी काच तडकली होती, पण आतला बल्ब शाबूत होता. आणि बल्बच्या आतली तार तुटलेली नव्हती. ती लोंबत होती, पोरानं ताणून सैल केलेल्या स्प्रिंगसारखी.

तापलेली तार मऊ असते, गार तार काचेसारखी ठिसूळ. हे ती दरवर्षी आठवीच्या वर्गाला शिकवत आली होती. पण शिकवणं वेगळं आणि एखाद्याचं घर त्यावर टांगणं वेगळं. तिनं गावच्या गॅरेजमधून बारा जुने बल्ब आणले, शाळेत एका फळीवर बसवले, सहा बॅटरीला जोडून पेटवले, सहा विझलेले ठेवले, आणि सगळ्या वर्गासमोर फळीवर घण घातला. पेटलेल्या सहापैकी पाचांच्या तारा ताणल्या गेल्या. विझलेल्यांच्या एक तर तुटल्या, नाही तर जशाच्या तशा राहिल्या. पेटलेला एक मात्र काही न होता तसाच राहिला. तिनं तेही वहीत लिहिलं.

कोर्टात न्यायाधीशांनी वही उलटसुलट करून पाहिली. थकलेला, सरळ माणूस होता.

“तुम्ही तज्ज्ञ आहात का?”

“नाही साहेब, शिक्षिका आहे.”

“मग हे मी पुरावा म्हणून कसं धरू?”

“धरू नका,” बुरुल म्हणाली. “उत्तर मी देत नाहीये. तज्ज्ञाला कुठला प्रश्न विचारायचा, तेवढंच सांगतेय. गाडी तिच्या जागेवर आहे. दोन्ही बाजूंची माणसं उभी करून तो दिवा काढा, मोहोर लावा, राजधानीला पाठवा. आणि तिथून उलटं उत्तर आलं, तर सादिर चुकला असं मी स्वतः त्याला जाऊन सांगेन.”

ट्रकमालकाचा वकील हसला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी हुकूम लिहिला.

सात आठवड्यांनी अहवाल आला. धडकेच्या क्षणी डावा वळणदिवा चालू होता. दिवा दाखवणाऱ्या गाडीला ओलांडून पुढे घुसणं हा हलगर्जीपणा, आणि तो ट्रकवाल्याचा. मालकाचा दावा फेटाळला गेला. उलट सादिरच्या औषधपाण्याची भरपाई त्याच्यावर बसली.

बाहेर पायऱ्यांवर ट्रकवाला बुरुलजवळ आला. साधा, हडकुळा माणूस. “एजे, शपथेवर सांगतो, मला दिवा दिसला नव्हता.”

“मान्य आहे,” ती म्हणाली. “ऊन समोर होतं त्या वेळी. पण ‘मला दिसला नाही’ असं सांगायचं होतंस. तू ‘नव्हताच’ म्हणालास.”

त्यानंतर लोक यायला लागले. त्या रस्त्यावर धडका काही थांबत नव्हत्या. कोणाची गाय जाई, कोणाची गाडी, कोणाचा माणूस. बुरुल शाळेची तीस मीटरची कापडी फीत आणि खडू घेऊन निघे. नवरा तुरात कुरकुरत जुनी जीप काढी. “लोक पाहुणचाराला जातात, आम्ही टायरांच्या रेघा बघायला जातो,” असं म्हणत तोच फितीचं दुसरं टोक धरी. पैसे ती घेत नसे. सायीची बरणी कोणी दिली तर घेई. एकच अट असे. जे रस्त्यावर सापडेल ते सगळं लिहीन, तुझ्या सोयीचं आणि गैरसोयीचंही, आणि ज्याला हवं त्याला दाखवीन. ही अट ऐकून काहीजण चहा पिऊन निघून जात. तिला त्याचं वाईट वाटत नसे.

अशी नऊ वर्षं गेली. मग एका फेब्रुवारीच्या सकाळी तिच्या सख्ख्या भावाचा फोन आला.

तालाय तिच्याहून चौदा वर्षांनी धाकटा. गावाहून बिश्केकपर्यंत टॅक्सी चालवायचा, घरी आईला सांभाळायचा. तिकडच्या रीतीप्रमाणे धाकटा म्हणून वडिलांचं घरही त्याचंच होतं. खिंडीच्या खालच्या वळणावर त्याची समोरच्या गाडीशी टक्कर झाली होती. तो बचावला होता. दुसऱ्या गाडीत वरच्या गावची नर्स होती, उउलकान नावाची. रात्रपाळी करून घरी निघालेली. तिचा उजवा हात मनगटापासून चिरडला होता.

“ती माझ्या बाजूला आली, एजे. लवकर ये. तू बघ, तू लिही.”

ती गेली तेव्हा गाड्या हलवायचं काम चाललं होतं. इन्स्पेक्टर थंडीनं पाय आपटत होते. त्यांच्या नकाशात धडकेची जागा ‘रस्त्याच्या मधोमध’ अशी लिहून झाली होती. बुरुल वाकून चालत राहिली. पातळ बर्फाखाली तिला हवं ते सापडलं. डांबरात खोल गेलेला ओरखडा. समोरासमोर धडक बसली की गाडीचं नाक खाली दबतं आणि रस्त्याला खरवडतं, आणि ते बरोबर धडकेच्या जागीच. तिनं फीत लावली. तुरातनं दुसरं टोक धरलं, आकडा बघितला आणि पहिल्यांदाच तो काही कुरकुरला नाही.

ओरखडा मध्यापासून पंचाऐंशी सेंटिमीटर आत होता. उउलकानच्या बाजूला.

संध्याकाळी ती माहेरी गेली. आई, शारिपा अपा, नूडल्सचं पीठ लाटत होती. बुरुलनं वही तालायपुढे ठेवली.

“तू तिच्या बाजूला होतास.”

तालायनं वहीकडे पाहिलं नाही. “वळण जरा कापलं. सगळेच कापतात तिथे. समोर कोणी नसतं त्या वेळी.”

“होतं.”

“इन्स्पेक्टरनं मधोमध लिहिलंय. ती कोर्टात गेली तर शाबीत तिला करायचंय ना? कायदा तुलाच जास्त कळतो. तिच्याकडे काय आहे? काही नाही. आता बर्फ पडला वर.” मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “एक पान आहे, एजे. फाडून टाक.”

“मी परक्यांची पानं फाडली नाहीत.”

“मी परका नाही, म्हणून तर सांगतोय.”

आईनं लाटणं खाली ठेवलं. “याला तू पाठीवर बांधून फिरवलंस. मी शेतावर असायचे आणि हा तुझ्या पाठीवर असायचा. आता त्याच पोराला कोर्टात नेऊन उभं करणार?”

“नेत नाहीये, अपा. त्यानं स्वतः जावं, एवढंच म्हणते. शुक्रवारपर्यंत थांबते मी. त्यानंच त्या बाईला जाऊन सांगावं.”

शुक्रवार आला आणि गेला. त्या आठवड्यात बुरुल वर्गात दोनदा फळ्यावर अर्धं वाक्य लिहून थांबली. तिला कोणी साक्षीला बोलावलं नव्हतं. बोलावणारही नव्हतं. गप्प बसली असती तर कुठलाच कायदा मोडत नव्हता. शाबीत करायचं ओझं उउलकानच्या खांद्यावर होतं, आणि त्या खांद्याखालचा हात प्लास्टरमध्ये होता. या गोष्टीभोवती ती फिरफिर फिरली आणि प्रत्येक वेळी पंचाऐंशीपाशीच येऊन थांबली.

शनिवारी ती वरच्या गावाला गेली. उउलकाननं दार अर्धंच उघडलं.

“तुम्ही त्याच्या बहीण ना?”

“हो.”

“तडजोडीला आलात? मला नकोय तडजोड. मला इंजेक्शन देता येत नाही आता. डाव्या हातानं चमचा धरतेय मी.”

“तडजोडीला नाही आले. हे द्यायला आलेय.” बुरुलनं वहीच्या पानाची प्रत आणि फोटो पुढे केले.

उउलकाननं ते उंबऱ्यातच वाचलं. मग बुरुलकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. “यात काय चाल आहे?”

“काही नाही. मात्र एक सांगते. खाली लिहिलंय ते पण वाच.”

खाली लिहिलं होतं की उउलकानच्या गाडीला उन्हाळी टायर होते, नक्षी दीड मिलिमीटर उरलेली. फेब्रुवारीत त्या टायरांवर ती बाजूला सरकू शकली नसती.

“म्हणजे मी पण चुकले?” उउलकानचा आवाज चढला. “पगारात हिवाळी टायर बसतात का, एजे? तुम्हाला ठाऊक आहे नर्सचा पगार?”

“ठाऊक आहे. मीही तेवढाच घेते. पण टायर टायर आहेत. हे पान हवं असेल तर अख्खं घ्यावं लागेल.”

उउलकाननं कागद काखेत धरले. मग तिनं दार पूर्ण उघडलं. “चहा घ्या. मला ओतता येत नाही. तुम्हीच ओता.”

मे महिन्यात सुनावणी झाली. तालायच्या वकिलानं बुरुलला सरळ विचारलं, “घराच्या वाटणीवरून भावाशी तुमचा वाद आहे का?”

“नाही. घर त्याचंच आहे. धाकट्याचं असतं.”

“मग बहीण भावाविरुद्ध उगाच बोलेल?”

“मी त्याच्याविरुद्ध बोलत नाहीये. किलोमीटरच्या दगडापासून एकशे चौदा मीटरवर रस्त्यात जे आहे, ते सांगतेय. बर्फ वितळलाय. कोणीही जाऊन बघावं.”

न्यायाधीश नवे होते, तरुण बाई होत्या. त्यांनी खरंच गाडी काढायला सांगितली. सगळं कोर्ट वळणावर गेलं. ओरखडा तिथेच होता, मातीनं भरायला लागलेला. न्यायाधीशबाईंनी स्वतः फीत धरली. मग त्यांनी तालायला विचारलं, “तुम्हाला काही सांगायचंय?”

तालायनं टोपी काढली. सकाळपासून त्यानं बहिणीकडे पाहिलं नव्हतं, आताही पाहिलं नाही. “वळण कापलं मी,” तो म्हणाला. “ती तिच्या बाजूलाच होती.”

निकाल लागला. हलगर्जीपणा मुख्यतः तालायचा, थोडा वाटा उउलकानच्या टायरांचा, म्हणून भरपाईतून तेवढा भाग वजा. बाहेर आल्यावर उउलकानचा दीर पुटपुटला की मास्तरीणबाईला टायरांबद्दल गप्प बसायला काय झालं होतं. तालायचा मेहुणा, त्याच्या बायकोचा भाऊ, तर तोंडावरच म्हणाला, “असली बहीण शत्रूलाही नको.”

त्या दिवशी गावाकडे जाणारी मार्श्रुत्का एकच होती. सगळ्यांना तीत बसावं लागलं. पुढे तालाय, मागे मेहुणा, मध्ये शारिपा अपा, खिडकीशी बुरुल, आणि शेवटच्या बाकावर हात गळ्यात बांधलेली उउलकान. चालकानं आरशात बघितलं.

“कोर्टातून आलात ना? मग? कोण जिंकलं?”

गाडी त्या वळणावर आली तशी हळू झाली, नेहमीपेक्षा जरा जास्तच हळू. पंधरा मिनिटांनी शारिपा अपा समोर बघत म्हणाली, “बुरुल, खिडकी लाव. वारा लागतो.”

बुरुलनं खिडकी लावली. तीन महिन्यांत आई तिच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.

तालायनं घोडी विकून पैसे भरले. दीड वर्ष तो बहिणीच्या दारात आला नाही. नवरोजला सुमालाक, म्हणजे गव्हाची गोड खीर, आणि इतर सणांना काहीबाही, असं भांडं ती पाठवी, ते रिकामं, धुतलेलं परत येई, निरोपाशिवाय. तिनं पाठवायचं थांबवलं नाही. उउलकानची बोटं पूर्वीसारखी वळली नाहीत. तिनं हॉस्पिटलच्या नोंदणीचं काम घेतलं. तिची एक भाची बुरुलच्या वर्गात आली. एक दिवस ती पोर म्हणाली की मावशी एजेला फार कडक म्हणते. बुरुलनं विचारलं, “किती?” पोरीनं विचार करून सांगितलं, “पुष्कळ. पण खोटी नाही म्हणते.”

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात, शाळा सुटायच्या सुमाराला, फाटकाशी टॅक्सी थांबली. तालाय उतरला. सोबत एक अनोळखी चालक होता, पन्नाशीचा, कपाळाला पट्टी. तालाय बहिणीशी बोलायच्या आधी त्या माणसाशीच बोलला, पण तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

“हीच ती. आत जाण्याआधी नीट विचार करा, दादा. तुम्हाला हवं ते ही लिहीत नाही. रस्त्यावर काय आहे ते लिहिते. मग ते तुमच्या गळ्यात पडलं तर माझ्या नावानं ओरडायचं नाही.”

“खरं तेच पाहिजे मला,” तो माणूस म्हणाला. “माझी चूक असली तर तीही कळू दे.”

“सगळे आधी असंच म्हणतात,” तालाय म्हणाला. “मीही म्हणालो असतो.” आणि मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. “तुरात दाजी घरी आहेत का? नसतील तर फितीचं दुसरं टोक मी धरतो.”

“ते गुडघा धरून बसलेत. तूच चल.” बुरुलनं दप्तर खांद्याला लावलं आणि आकाशाकडे बघितलं. डोंगरावर ढग उतरायला लागले होते. “कुठे झालं? किती वाजता? आधी गाडीत बसा, बर्फ यायच्या आत तिथे पोहोचायला हवं.”